मुळांतील कवक आणि वनवृक्ष : डॉ. सुझान सिमार्ड यांचे संशोधन

अरण्यात उभे राहिले असता दृष्टीस पडतात ती खोडे, फांद्या आणि पर्णभार. वृक्षाचे निम्मे जीवन मात्र जमिनीखाली चाललेले असते, आणि तेथे वृक्ष एकटा नसतो. त्याच्या कोवळ्या मुळांना सूक्ष्म कवकांचे, म्हणजेच बुरशीचे, धागे वेढून असतात. हे धागे जेथे मुळांना पोहोचता येत नाही तेथवर जाऊन पाणी, स्फुरद आणि नत्र गोळा करतात व वृक्षास देतात. वृक्ष त्या मोबदल्यात पानांत तयार झालेली शर्करा कवकास पुरवतो. प्रशियाच्या शासनाने ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या मौल्यवान खाद्य कवकाच्या लागवडीचा अभ्यास करण्याचे काम आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपविले होते. त्या अभ्यासातून फ्रँक यांनी १८८५ मध्ये या भागीदारीला ‘मायकोऱ्हायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘कवक-मूळ’ असा होतो.

एकाच कवकाचे धागे शेजारच्या दोन झाडांच्या मुळांना जोडू शकतात काय, आणि त्यांतून एका झाडाचे अन्न दुसऱ्यास मिळते काय, हा प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ अभ्यासकांसमोर होता. त्याचे उत्तर प्रत्यक्ष जंगलात शोधण्याचे काम कॅनडातील वनसंशोधिका डॉ. सुझान सिमार्ड यांनी केले.

शासकीय धोरण आणि एक शंका

सुझान सिमार्ड यांचा जन्म १९६० मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाला. त्यांचे पूर्वज घोड्यांच्या साहाय्याने लाकूडतोड करणारे. वनशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी लाकूड व्यवसायात आणि पुढे प्रांताच्या वनविभागात नोकरी केली. त्या काळी तेथे जंगल सरसकट तोडून डग्लस फर, पाइन यांसारख्या किफायतशीर सूचिपर्णी वृक्षांची लागवड होत असे. तोडीनंतर आपोआप उगवणारा बर्च, म्हणजे आपल्या हिमालयातील भूर्जवृक्षाचा भाऊबंद, हा मात्र तण समजला जाई. तो रोपांचा प्रकाश व पाणी हिरावतो अशी समजूत असल्याने तणनाशक फवारून किंवा तोडून त्याचा नायनाट केला जाई.

प्रत्यक्षात, बर्च काढून टाकलेल्या काही लागवडींत फरची रोपे मुळांच्या रोगाने मरत असल्याचे सिमार्ड यांच्या लक्षात आले. ज्याला तण म्हणून मारले जात आहे तोच शेजाऱ्याला साहाय्य करीत असेल काय, अशी शंका त्यांना आली. इंग्लंडमधील डेव्हिड रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाइनच्या रोपांमध्ये कवकाच्या धाग्यांतून कार्बन जात असल्याचे प्रयोगशाळेत दाखविले होते. तेच जंगलात घडते काय, हे पाहणे शिल्लक होते.

प्रयोग

सिमार्ड यांनी बर्च, डग्लस फर आणि रेड सीडार यांची रोपे जंगलात शेजारी शेजारी लावली. पहिल्या दोहोंच्या मुळांवर एकाच प्रकारची कवके राहतात. सीडारची कवके मात्र निराळ्या गटातील असल्याने तो या जाळ्याच्या बाहेर राहतो. म्हणूनच तुलनेसाठी त्याची निवड झाली. रोपांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून बर्चला एका प्रकारच्या व फरला दुसऱ्या प्रकारच्या खुणेच्या कार्बनचा वायू देण्यात आला. कार्बन-१३ आणि कार्बन-१४ या त्या दोन खुणा होत. कोणता कार्बन कोठे पोहोचला, हे त्यांवरून ओळखता आले.

कार्बन दोन्ही दिशांनी गेला होता. त्यात फरला झालेला निव्वळ लाभ प्रकाशसंश्लेषणातून घेतलेल्या खुणेच्या कार्बनच्या सरासरी ६ टक्के भरला. फर जितका अधिक सावलीत, तितका त्याला मिळणारा वाटा अधिक होता. सीडारकडे अल्प कार्बन पोहोचला. हे निष्कर्ष १९९७ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी डग्लस फरच्या जंगलातील ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तुकड्याचा नकाशा तयार केला. त्यातील ६७ वृक्षांपैकी एक वृक्ष ४७ इतर वृक्षांशी कवकांद्वारे जोडलेला आढळला. सिमार्ड २००२ पासून ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अध्यापन व संशोधन करू लागल्या. त्यांचे ‘फाइंडिंग द मदर ट्री’ हे पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मतभेद

या संशोधनास मोठी लोकप्रियता लाभली, पण त्याबरोबरच अतिशयोक्तीही पसरली. झाडे परस्परांशी बोलतात, आई आपल्या पिलांना ओळखून अन्न पाठविते, अशी विधाने सर्रास होऊ लागली. २०२३ मध्ये तीन कवक-अभ्यासकांनी या विधानांचा पुरावा तपासला. त्यांतील एक, मेलानी जोन्स, या १९९७ च्या लेखाच्या सहलेखिका होत्या. अशी जाळी फारच थोड्या जंगलांत मोजली गेली आहेत, काही कार्बन धाग्यांऐवजी मातीतूनही गेला असेल, आणि मोठे वृक्ष आपल्याच संततीला अन्न देतात यास जंगलातील पुरावा नाही, असे त्यांनी दाखविले. मुळे आणि कवक यांची भागीदारी मात्र निर्विवाद आहे. वाद आहे तो झाडाझाडांमधील देवाणघेवाण किती व तिचा उपयोग किती, याविषयी.

आपल्याकडील वनांसाठी बोध

भारतातील वनेही या भागीदारीवाचून नाहीत. मध्य प्रदेशातील मंडला व बालाघाट भागांतल्या साल वृक्षाच्या मुळांवर बर्च व फरप्रमाणे बाहेरून आवरण घालणारी कवके असतात. सागाची कवके सीडारप्रमाणे मुळांच्या पेशींत शिरणारी असतात. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या दुसऱ्या प्रकारच्या कवकांचा अभ्यास झाला आहे. शिक्षकांनी सालाच्या बारीक मुळांची टोके भिंगातून दाखविल्यास विद्यार्थ्यांना कवकाचे आवरण पाहता येईल. सागाच्या बाबतीत मात्र मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागतात.

कोणते झाड उपयुक्त आणि कोणते निरुपयोगी, हे केवळ वरच्या वाढीवरून ठरविणे धोक्याचे आहे, हा या संशोधनाचा खरा धडा होय. वृक्षारोपण करताना खड्ड्याइतकीच त्यातील माती महत्त्वाची असते. वनातील पालापाचोळा जाळला, वरची माती खरवडून काढली, तर रोपांचे हे अदृश्य साहाय्यकही नष्ट होतात. रूढ समजूत मोडून काढण्यासाठी सिमार्ड यांनी प्रयोगाचा आधार घेतला. त्यांच्या निष्कर्षांचीही तपासणी त्याच मार्गाने होत आहे, आणि विज्ञानाची वाटचाल अशीच होत असते.