ओव्याचा काढा बाजूला ठेवा, आधी टाकीतले पाणी बघा

पाऊस लागल्यापासून कार्यालयात येणारे निम्मे पालेभाजीवाले एकच प्रश्न घेऊन येतात: "साहेब, लवंग-ओव्याच्या अर्काने कोथिंबिरीवरचे जंतू मरतात म्हणे. प्रमाण सांगा." मोबाइलवर फिरणाऱ्या कुठल्याशा चित्रफितीचा हा प्रताप. धास्ती मात्र खोटी नाही. मॉलला किंवा निर्यातदाराला माल देणाऱ्यांकडे ई. कोलाय आणि साल्मोनेला या जिवाणूंचा तपासणी अहवाल मागितला जातो, आणि पावसाळ्यात तोच बिघडतो. चिखल उडून पानांवर बसतो, वरच्या अंगाच्या गोठ्याचे पाणी वाफ्यात उतरते, नाला विहिरीत पाझरतो. हे जिवाणू पिकाला काहीच करत नाहीत. पान पिवळे पडत नाही, डाग येत नाही, जुडी टवटवीत दिसते आणि खाणारा मात्र आजारी पडतो. कोथिंबीर तर आपण कच्चीच भुरभुरतो.



वनस्पतींच्या तेलात जिवाणू मारण्याची ताकद आहे, हे खरे. ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल, दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातला सिट्रल हे पदार्थ जिवाणूच्या पेशीचे पातळ आवरण फोडतात, आतला ऐवज बाहेर गळतो आणि तो मरतो. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात पालक, लेट्यूस अशा पानांवर साल्मोनेला मुद्दाम लावून गवती चहाच्या आणि ओरेगॅनोच्या तेलाचे प्रयोग झाले. तेलाचे प्रमाण ०.१ ते ०.५ टक्के, पाने मिनिट-दोन मिनिटे बुडवून ठेवायची, मग थंड जागी साठवायची. जिवाणू चांगलेच घटले, आणि गवती चहाच्या तेलाचा परिणाम साठवणुकीतही वाढत गेला. पण हे प्रयोग शुद्ध तेलाचे, मोजलेल्या मात्रेचे आणि स्वच्छ द्रावणातले होते. मूठभर ओवा उकळून गार केलेल्या पाण्याचे नव्हते.

हिशेबच करू. ओव्यात तेल साधारण २ ते ४ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम ओव्यात फार तर ४ मिली. ते सगळेच्या सगळे उतरले असे धरले आणि १०० लिटरच्या टाकीत ओतले, तरी प्रमाण ०.००४ टक्के. प्रयोगातले सर्वांत कमी प्रमाणही याच्या पंचवीसपट आहे. शिवाय सगळे तेल उतरत नाहीच. ओव्याचे तेल काढतातच मुळी वाफेवर. उघड्या पातेल्यात ओवा उकळला की तेल वाफेबरोबर निघून जाते. घरभर जो वास सुटतो, तेच तुमचे औषध हवेत गेलेले असते. उरलेल्या तपकिरी पाण्याला अर्क म्हणायचे आणि वर जुडीला 'सेंद्रिय प्रक्रिया केलेली' अशी चिठ्ठी लावायची, हा प्रकार मी पाहिला आहे. ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही.

विकतचे तेल थेट टाकीत ओतणाऱ्यांची वेगळी तऱ्हा. जुन्नर भागातल्या एका कोथिंबीर उत्पादकाने हौसेने लवंग तेल आणले आणि धुण्याच्या हौदात ओतले. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तवंग धरून बसले. आधी बुडवलेल्या जुड्यांना सगळे तेल लागले, संध्याकाळपर्यंत त्यांचे शेंडे काळे पडले. नंतरच्या जुड्या कोऱ्या पाण्यातून निघाल्या. कोरे तरी कसे म्हणू? सकाळपासून तेच पाणी होते, तळाला चार बोटे गाळ. पहिल्या जुडीची घाण शेवटच्या जुडीपर्यंत पोचवण्याचे काम तो हौद इमानाने करत होता.

मला सर्वांत जास्त राग येतो तो काढणीच्या तोंडावर जीवामृत आणि दशपर्णी फवारणाऱ्यांचा. जीवामृतात २०० लिटर पाण्याला १० किलो ताजे शेण, वर गूळ आणि बेसन. जमिनीला द्यायचे तर द्या, माझे भांडण नाही. पण ई. कोलायचे घरच जनावराचे आतडे, आणि गूळ त्याला आयता खाऊ. काकवी घातलेल्या कंपोस्ट-चहात, म्हणजे कंपोस्ट भिजवलेल्या पाण्यात, ई. कोलाय आणि साल्मोनेला वाढतात, हे अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसले आहे. तेच मिश्रण तुम्ही उद्या काढायच्या मेथीवर मारता आणि परवा मला विचारता, अहवाल का बिघडला? दशपर्णीतही शेण असते. कडुनिंब घातला म्हणून ते निर्जंतुक होत नाही. निंबोळी अर्क किडीसाठी आहे, माणसाच्या पोटात जाणाऱ्या जिवाणूंवर त्याच्या भरवशावर राहू नका.

ताज्या शेणखताचेही तेच. जमिनीला टेकणाऱ्या पिकात कच्चे शेण आणि काढणी यांत १२० दिवसांचे अंतर हवे, असा अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे. आपली मेथी महिन्याभरात, कोथिंबीर दीड महिन्यात निघते. म्हणजे कच्चे शेण या पिकांत बसतच नाही. आधीच्या पिकाला घाला, किंवा ढीग ५५ अंशांवर तापवून, पाच वेळा उलटून, पंधरवडाभर कुजवलेले खत वापरा. कोपऱ्यात वर्षभर पडून राहिलेला उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे.

हे अति वाटत असेल त्यांनी २०११ सालचे जर्मनी आठवावे. ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने तिथे पन्नासहून अधिक माणसे गेली, जवळपास चार हजार आजारी पडली. आधी बोट दाखवले गेले स्पेनच्या काकडीकडे. तिथल्या शेतकऱ्यांनी काकडी फेकून दिली, बाजार कोसळला, आणि शेवटी माग निघाला तो मोड आणण्यासाठी इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. काकडीवाल्यांचा काहीही दोष नव्हता. बांगलादेशातल्या विड्याच्या पानांवर साल्मोनेलापायी युरोपीय संघाने २०१४ मध्ये बंदी घातली, ती उठायला काही वर्षे गेली. पान स्वच्छ पिकवणाराही त्यात भरडला गेला.

आता कामाचे. धुण्यासाठी पिण्यायोग्य पाणीच घ्या. नाल्याचे, ओढ्याचे, पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे नको. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीच्या सिंचनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिली पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू हजारापर्यंत, अशी मर्यादा सांगितली होती. आपल्या विहिरीचा नमुना पावसाळ्यात एकदा तरी तपासून घ्या. जुडी आधी एका हौदात माती निघेपर्यंत खळबळा, मग दुसऱ्या हौदात निर्जंतुक करा. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटर पाण्याला २०० मिली, म्हणजे १०० पीपीएम. दोन मिनिटे पुरतात. त्यानंतर स्वच्छ पाण्यातून काढा. पाणी गढूळ झाले की क्लोरीन मातीतच खर्ची पडतो, म्हणून गढूळ होण्याआधी पाणी बदला. फक्त वास आला म्हणून मात्रा आहे असे समजू नका, क्लोरीन मोजायच्या पट्ट्या मिळतात. एवढे करूनही सगळे जिवाणू जात नाहीत. देठाच्या कापात आणि पानाच्या छिद्रात शिरलेले तिथेच राहतात. म्हणूनच शेतातली घाण आधी थांबवायची. पूर आलेल्या वाफ्यातले पीक धुऊनही बाजारात नेऊ नका, नांगरून टाका.

तेलाचाच प्रयोग करायचा असेल तर खाद्य दर्जाचे तेल, ते पाण्यात मिसळवणारा खाद्य दर्जाचा घटक, आणि आधी दहा जुड्यांवर चाचणी. एक दिवस ठेवून शेंडे बघा, वास घ्या. कोथिंबिरीला लवंगेचा वास आला तर गिऱ्हाईक परत करेल. खर्चही मांडा. १०० लिटरला ०.३ टक्के म्हणजे ३०० मिली तेल, तेही पाणी बदलले की नव्याने. जुडीच्या आजच्या भावात हे कुणालाही परवडणार नाही. पाकीटबंद माल घेणारा खरेदीदार जादा दर देत असेल, तर त्याच्याशी आधी लेखी बोला. क्लोरीनच्या हौदात तेल घालू नका, क्लोरीन तेलातच संपतो. आणि धुतलेल्या जुड्या गोणपाटावर पसरवून न तपासलेल्या विहिरीचे पाणी वरून शिंपडत बसू नका. स्वच्छ क्रेटमध्ये निथळत ठेवा, उन्हाआधी गाडीत चढवा.