एचआयव्हीबाधितांमधील स्वयंप्रतिकार त्वचारोग : निदानातील सावधगिरी

एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या अंगावर फोड आले की ते जंतुसंसर्गाचे अथवा औषधाच्या विपरीत परिणामाचे असावेत, असे प्रथम मानले जाते. बहुधा ते बरोबरही असते. परंतु क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटलेली असते. प्रतिकारशक्ती क्षीण करणाऱ्या आजारात हे कसे घडते? एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी घटतात. त्याच वेळी प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी-पेशी मात्र अनिर्बंध उद्दीपित होतात, हे त्याचे एक कारण होय.

पेम्फिगसचे उदाहरण घेऊ. त्याचा आरंभ पुष्कळदा तोंडातील न भरणाऱ्या व्रणांनी होतो. हर्पीसच्या विषाणूमुळेही तोंडात व्रण होतात, बुरशीनेही तोंड येते. नेव्हिरापीन किंवा को-ट्रायमोक्साझोलच्या तीव्र प्रतिक्रियेत तोंड सोलवटून अंगावर फोड उठतात. उपचार मात्र भिन्न आहेत. पेम्फिगसला स्टेरॉइड द्यावे लागते. संसर्गात तेच घातक ठरू शकते. आणि प्रतिक्रिया असल्यास दोषी औषध तत्काळ थांबवावे लागते.

केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबता येत नाही. एचआयव्हीबाधितांत काही स्वयंप्रतिपिंडे प्रत्यक्ष रोग नसतानाही अल्प प्रमाणात आढळतात. उलट, ल्युपसच्या रुग्णात एचआयव्हीची प्राथमिक चाचणी क्वचित खोटी होकारार्थी येते.

म्हणून बायोप्सी निर्णायक ठरते. त्वचेचे दोन तुकडे घेतात. ताज्या फोडाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दुसरा फोडालगतच्या निरोगी भासणाऱ्या त्वचेचा असतो. तो इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणीसाठी असल्याने फॉर्मॅलिनमध्ये टाकल्यास वाया जातो. या तपासणीत पेम्फिगसची प्रतिपिंडे पेशींभोवती जाळीप्रमाणे चमकतात. बुलस पेम्फिगॉइडमध्ये त्वचेच्या दोन थरांच्या सीमेवर एकच रेषा उजळते.

रुग्णाच्या कुटुंबीयांनी सुरू असलेल्या सर्व औषधांची वेष्टने सोबत आणावीत. कोणतेही स्टेरॉइड मलम परस्पर लावू नये. एआरटीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, मात्र पुरळासह ताप वा तोंडात व्रण असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एचआयव्ही चाचणीस संमती आणि माहितीची गोपनीयता हे २०१७ च्या कायद्याने दिलेले हक्क आहेत, हेही स्मरणात असावे.

आमच्या देणगीदारांना एवढेच निवेदन : त्वचेच्या त्या दुसऱ्या तुकड्याच्या तपासणीस दिलेले साहाय्य रुग्णाला चुकीच्या उपचारापासून वाचवू शकते.