ध्वनी, मेंदूच्या लहरी आणि जुनाट पाठदुखी



आपल्या परभणी जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बाईची किंवा पोती वाहणाऱ्या हमालाची कंबर एकदा धरली, की महिनोन्महिने सुटत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यास वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते. त्यावर ‘मेंदूच्या लहरी बदलणारे’ ध्वनी हेडफोनने ऐका, असे मोबाइलवर सांगितले जाते. ऐकीव गोष्ट पारखूनच घ्यावी, ही कालाम सुत्ताची शिकवण. तेव्हा आपणही पारख करू या.

मेंदूतील सूक्ष्म विद्युत लहरी जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवात प्रथम नोंदविल्या. डोळे मिटून शांत बसल्यावर सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणाऱ्या ‘अल्फा’ लहरी ठळक होतात. डाव्या कानात सेकंदाला २०० व उजव्या कानात २१० कंपनांचा स्वर सोडला, तर मेंदूला सेकंदाला १० ठोक्यांचा नाद भासतो. या ठोक्यांच्या चालीवर मेंदूच्या लहरी येतील व वेदना शमेल, अशी यामागील कल्पना. प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कोणाला विसावा मिळतो. परंतु पाठदुखी बरी होते, असे सिद्ध झालेले नाही.

सजगतेच्या अभ्यासाचा पुरावा याहून भक्कम आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ध्यान व योगासनांवर आधारित अभ्यासक्रम सुरू केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४२ पाठदुखीग्रस्तांच्या चाचणीत सहा महिन्यांनी या अभ्यासक्रमाच्या गटातील सुमारे ४४ टक्के लोकांचा त्रास लक्षणीय घटला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते.

याचे मर्म सल्लसुत्तात आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यामुळे होणारा शोक व तळमळ हा दुसरा. सजगता दुसरा बाण थोपविते. पहिल्यासाठी मात्र डॉक्टर, योग्य व्यायाम आणि शक्य तेवढी हालचाल हवीच. पायात बधिरता वा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरील ताबा सुटला, ताप आला किंवा कारण नसताना वजन घटले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि ज्या बाईला दिवसभर वाकूनच पोट भरावे लागते, तिला केवळ ‘ध्यान कर’ म्हणणे ही करुणा नव्हे. तिचे ओझे वाटून घेणे, तिला विश्रांती व उपचार मिळवून देणे, हेही आपल्या समाजाचे धम्मकार्यच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!