काढून ठेवलेले आईचे दूध आणि वऱ्हाडातला उन्हाळा

‘डॉक्टर, काढून ठेवलेलं दूध शिळं होऊन बाळाला बाधत नाही का?’ कामावर परतणाऱ्या माता हा प्रश्न मला नेहमी विचारतात. या भीतीपोटी आईचे दूध मोरीत ओतले जाते आणि बाळाच्या तोंडी पावडरचे दूध येते. खरे पाहता भीती दुधाची नको, उष्णतेची हवी.

आईच्या दुधात जंतूंना अटकाव करणारे घटक असतात. त्यामुळे स्वच्छ हातांनी, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध २५ अंश तापमानाच्या खोलीत चार तास चांगले राहते. हा पुस्तकातला हिशेब झाला. मे महिन्यात अकोल्यात आणि अमरावतीत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा घरातली खोलीही २५ अंशांची नसते. म्हणून उन्हाळ्यात चार तासांवर विसंबू नये. दूध काढल्यावर तासाभरात पाजावे, नाहीतर लगेच फ्रीजमध्ये ठेवावे.

फ्रीजमध्ये (४ अंश) दूध चार दिवस टिकते. ते दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे व भांड्यावर तारीख-वेळ लिहावी. वीज गेल्यास फ्रीज उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. माठाजवळचा गारवा म्हणजे फ्रीज नव्हे, हेही लक्षात असावे. फ्रीज नसेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात दुधाचे बंद भांडे ठेवावे आणि बर्फ वितळण्यापूर्वी दूध वापरावे.

गायी-म्हशीचे दूध आपण उकळतो, तसे हे दूध मात्र उकळू नये. उकळल्याने त्यातील रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांमध्ये दुसऱ्या मातांनी दान केलेले दूधसुद्धा उकळत नाहीत, ते ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवतात. स्वतःच्या निरोगी बाळासाठी काढलेल्या दुधाला तेवढेही करावे लागत नाही. भांडे कोमट पाण्यात धरले की पुरे.

दूध ठेवल्यावर वर सायीसारखा थर येतो. ते नासल्याचे लक्षण नव्हे. भांडे हलकेच फिरवावे, थर मिसळतो. दूध वाटी-चमच्याने पाजावे. बोंडल्याची चोच आतून नीट घासता येत नाही, बाटलीचेही तेच. बाळाने उष्टे टाकलेले दूध पुन्हा ठेवू नये.

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला रजाही नाही आणि फ्रीजही नाही. तिने निघण्यापूर्वी, परतल्यावर आणि रात्री बाळाला अंगावर पाजावे. शक्य असेल तेथे बाळाला सोबत न्यावे. दिवसा छाती भरून आली तर थोडे दूध काढून टाकावे, म्हणजे गाठी होत नाहीत व दूधही आटत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या किंवा दवाखान्यात दाखल असलेल्या बाळासाठी नियम अधिक कडक असतात. तेथे परिचारिका सांगतील तसेच करावे.

घरातील सासूबाईंनी, आजींनी हे अवश्य वाचावे. आई कामावर गेल्यावर दुधाची वाटी त्यांच्याच हाती असते.