जुन्या फितीवरील नवी करामत

बालकृष्ण यमुनेच्या डोहात उडी घेतो, पाण्याखाली कालियाशी झुंजतो आणि अखेर त्या महासर्पाच्या फण्यावर नाचत वर येतो. दादासाहेब फाळके ह्यांच्या ‘कालिया मर्दन’ ह्या मूकपटातील हा प्रसंग 1919 सालचा आहे. कृष्णाची भूमिका त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. तेव्हा संगणक नव्हता. सारी किमया कॅमेऱ्याची, देखावे उभारणाऱ्या हातांची आणि धीराची होती.

हा धीर दादासाहेबांच्या अंगी पूर्वीपासूनच होता. 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून अनेक दिवस थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र टिपले. ती चित्रे भरभर दाखवताच रोप पाहता पाहता उगवून वाढू लागले. तत्पूर्वी त्यांनी जादूचे प्रयोगही केले होते. त्यासाठी त्यांनी ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते!

भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटावरील मालकी हक्क तो प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. पुढे तो चित्रपट सर्वांचा होतो. म्हणून जालना जिल्ह्यातील राजूरसारख्या गावी बसूनही एखाद्या मुलास हे मूकपट आज पाहता येतात, आणि हौस असल्यास संगणकाच्या साहाय्याने त्यांत नवी दृश्येही मिसळता येतात.

मात्र हे काम दिसते तितके सोपे नाही. मूकपटात सेकंदाला सुमारे 16 चित्रे धरली, तर एका मिनिटाची 960 चित्रे होतात. आकाशात एक पक्षी उडवायचा असला, तरी ह्या प्रत्येक चित्रात तो योग्य जागी बसवावा लागतो. शिवाय जुनी फीत किंचित थरथरते, तिचा उजेड कमीजास्त होतो, तिच्यावर ओरखडे असतात. नवा पक्षी स्वच्छ आणि स्थिर राहिला, तर तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसेल. म्हणून त्यालाही थरथरवावे लागते, धूसर करावे लागते, आणि मूळ चित्रातील सूर्य ज्या बाजूस असेल तिच्या विरुद्ध बाजूस त्याची सावली पाडावी लागते. नव्यास जुने भासवणे, हेच ह्या कलेतील कौशल्य होय.

आणि धोकाही तेथेच आहे. ‘कालिया मर्दन’मधील डोहात आणखी चार लाटा उसळल्या, तर फारसे बिघडणार नाही, ती मुळातच रचलेली कथा आहे. परंतु 1917 साली दादासाहेबांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटही काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. समजा, राजूरच्या त्या मुलाने हौसेने त्यांच्या पाठीमागे आपल्या गावच्या गणपती मंदिराचे शिखर उभे केले. काम इतके सुबक साधले की जोड कोठेच दिसेना. शंभर वर्षांनी तेवढीच प्रत कोणाच्या हाती पडली, तर फाळके राजुरास आले होते असेच तो लिहून ठेवील. त्याला खोटे तरी कसे म्हणावे? त्याने तर डोळ्यांनी पाहिलेले असेल!

मूळ फीत जपण्याचे महत्त्व येथे कळते. त्या काळची फीत चटकन पेट घेणारी असे. पुष्कळ मूकपट जळाले, कित्येक कुजून गेले. दादासाहेबांच्या चित्रपटांतूनही थोडेच भाग उरले आहेत. असा ठेवा सांभाळण्यासाठी 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. नवे दृश्य नेहमी प्रतीवर घालावे, मुळास हात लावू नये, आणि काय घातले ते प्रतीच्या आरंभीच लिहावे, असे जाणते कारागीर म्हणतात.

स्वतः दादासाहेबांनी ‘कालिया मर्दन’चा आरंभ कसा केला आहे, हे पाहण्याजोगे आहे. पडद्यावर प्रथम मंदाकिनीच दिसते. ती हसते, रुसते, चेहऱ्यावर नाना भाव आणते. मग पाहता पाहता ती मुलगी विरून जाते आणि तिच्या जागी कृष्ण उभा राहतो.