गावाची मरगळ आणि पायी चालणे

कापसाला भाव नाही, पाऊस अवेळी आला, की आपल्या जिल्ह्यात एकट्याचे नव्हे, अख्ख्या गावाचे मन खचते. पानठेल्यावर तोच विषय, घरातही तोच. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी सहकुटुंब जीवन संपविले. ही उदासी आपल्याला नवी नाही.

मी रुग्णांना सांगतो, बाजारात, कचेरीत पायी किंवा सायकलने जा. परवा एका शेतकऱ्याने मलाच विचारले, "डॉक्टरसाहेब, दिवसभर वावरात राबतो, अजून किती चालू?" प्रश्न रास्त आहे. फुरसतीच्या किंवा जाण्यायेण्याच्या चालण्याने मनाला जो लाभ होतो, तो कामाच्या कष्टातून मिळतोच असे नाही, हे अभ्यासांतही दिसले आहे. म्हणून डोक्यावर ओझे न घेता, शेजाऱ्याला सोबत घेऊन, सकाळच्या उजेडात अर्धा तास चाला. आठवड्यातून पाच दिवस चालले, तरी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटे भरतात. झोप सुधारते, मनातले बोलणेही होते. उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्याआधी परता.

चालण्याने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळते. दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटले तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो रात्रीही उचलला जातो.