यादी पुरी झाली, हे कसे ओळखावे?

विषय संगणकाचा असला, तरी त्याचे मूळ 'पुरी झाली' या दोन शब्दांच्या अर्थात आहे. म्हणून कला शाखेच्या अंकात तो परका वाटू नये.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या मालेगाव तालुक्यातील शेतकरीही सोयाबीन-तुरीची नोंद मोबाईलवर करू लागला. खातेदार निवडा, गट क्रमांक निवडा, पीक निवडा. सगळा कारभार याद्यांचा! असे व्यवहार आता कितीतरी झाले आहेत. अशाच एका, पण दुसऱ्याच कामाच्या ॲपमध्ये आमच्या शेजारच्या काकांनी आपले नाव शोधले. सात-आठ नावे दिसली, पुढे कोरे. "आपलं नाव नाही," म्हणून ते उठून गेले. थोड्या वेळाने मी पाहिले, तर नाव यादीत होते. यादी अपुरी होती. पण पडद्याने तसे सांगितले नव्हते.

यादी पडद्यावर येते ती तीन टप्प्यांत. प्रथम मजकूर येतो. मग प्रत्येक ओळीची उंची-रुंदी मोजून तिची जागा ठरते; ही मांडणी. शेवटी ती ओळ प्रत्यक्ष रेखाटली जाते. सामान्य मोबाईलचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो, म्हणजे एका खेपेस सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. 'यादी दाखव' ही आज्ञा दिली की ती तत्काळ परतते. काम मात्र पुढच्या खेपेस होते. म्हणून आज्ञेनंतर लगेच पाहणाऱ्यास जुनीच स्थिती दिसते.

यावर नवशिके एक सोपा उपाय योजतात: अर्धा सेकंद थांबावे आणि यादी झाली असे समजावे. पंगतीत असे कोणी करीत नाही. 'वाढा' म्हटले म्हणजे वाढप झाली असे नाही, आणि घड्याळात दहा मिनिटे झाली म्हणून यजमान हात जोडत नाही. शेवटच्या पानावर वरण-भात पडला, ही त्याची खूण. वेगवान मोबाईलवर तो अर्धा सेकंद वाया जातो, जुन्या मोबाईलवर पुरत नाही. वेळ हा अंदाज आहे. खूण हा पुरावा आहे.

अशा खुणा उपलब्ध आहेत. अँड्रॉइडमध्ये मांडणी झाल्याची सूचना मागता येते. फ्लटरमध्ये एक खेप रेखाटून झाल्यावर करावयाचे काम आधीच सांगून ठेवता येते. रिॲक्ट नेटिव्हमध्ये प्रत्येक ओळ आपली जागा ठरल्याचे कळविते.

मग ओळी मोजाव्यात आणि हजार भरल्या की यादी पुरी, असे म्हणावे काय? नाही. अँड्रॉइडमध्ये २०१४ साली आलेला रीसायकलरव्ह्यू राहाटगाडग्यासारखा चालतो. विहिरीतले पाणी कितीही असो, गाडगी ठरावीकच. रिकामे झालेले गाडगे पुन्हा भरून वर येते. तसेच हजार नावांच्या यादीत पडद्यावर मावतील तेवढ्या आणि थोड्या अधिक ओळी तयार होतात. वर सरकलेली ओळच नवे नाव घेऊन खालून येते. रिॲक्ट नेटिव्हची फ्लॅटलिस्टही, वेगळे न सांगितल्यास, प्रथम १० ओळींपासून आरंभ करते. हजारावी ओळ वापरणाऱ्याने खाली सरकविल्याशिवाय बहुधा तयारच होत नाही. तेव्हा 'सर्व ओळी झाल्या काय?' हा प्रश्न चुकीचा. 'आता दिसावयास हव्यात त्या सर्व ओळी जागेवर आल्या काय?' हा बरोबर. ओळींतील छायाचित्रे मागाहून येतात. त्यांची मोजणी स्वतंत्र ठेवावी.

आणखी एक खोच आहे. यादी रिकामीच असेल, तर शेवटची ओळ कधीच येणार नाही आणि तिची वाट पाहणारा कार्यक्रम तिष्ठत राहील. म्हणून शून्य ओळींचा विचार आरंभीच करावा.

अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, ॲपने 'मी पूर्ण रेखाटले गेले' असे यंत्रणेस स्वतः कळविण्याची सोय आहे. पहिली खेप केव्हा दिसली, हे यंत्रणा जाणते. पण 'पूर्ण' कशास म्हणावे, हे ॲप लिहिणाऱ्यानेच ठरवावे लागते. यंत्र मोजू शकते; अर्थ माणसाने लावावयाचा.

तेव्हा पडद्यावर तीन वाक्ये निरनिराळी असावीत: 'यादी येत आहे', 'यादी रिकामी आहे' आणि 'यादी अपुरी राहिली, पुन्हा प्रयत्न करा'. 'नाव नाही' हे चौथे वाक्य तर दिसणाऱ्या ओळींवरून कधीच बोलू नये. सगळा मजकूर हाती आल्यावर आणि त्यात शोध घेतल्यावरच बोलावे. काकांना त्या दिवशी पहिले वाक्य दिसले असते, तर ते क्षणभर थांबले असते.